खालच्या फळीवरचं लाकूड

दुपारचं जेवण अंगावर आलंय. वांग्याची भाजी जरा जास्तच झाली. मी मधल्या खोलीत लोखंडी खाटेवर आडवा पडलोय, डोळे मिटलेत, पण एक कान अजून जागा आहे. त्या कानाला पलीकडच्या खोलीतला पाळणा कुरकुरताना ऐकू येतो. माझी लेक वृषाली पाळण्याची दोरी ओढता ओढता स्वतःच पेंगत असणार, कारण दोरी मधेच थांबते आणि मग एकदम जोरात ओढली जाते. पाळण्यात रेवा आहे, माझी नात. तिला दात येतायत. हिरड्या शिवशिवतात म्हणून दिसेल ते तोंडात घालते. चादरीचं टोक, चष्म्याची दांडी, परवा तर माझी चप्पल. त्या चपलेवरून वृषालीनं मला इतकं सुनावलं, की कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्यानंच चप्पल चावली.

म्हणून मी पोरीला चोखणी केलीय. बाळानं हातात धरून चघळायची लाकडी चोखणी, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना गोल. मागच्या पत्र्याच्या शेडमधल्या लेथवर मी स्वतः कातली, काचपेपरनं घासली, आणि आता ती ओट्यावर वाटीत खोबरेल तेलात मुरत पडलीय. पोरगी उठली की पुसून तिच्या हातात द्यायची, असं वृषालीचं आणि माझं ठरलंय.

लेथ माझं नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. ते शालनचं. शालन माझी बायको, प्राथमिक शाळेत बाई होती. नोकरी संपली आणि कुठल्याशा प्रदर्शनात एका कातारीबुवांना लाकूड फिरवताना बघून आली, ती खूळ डोक्यात घेऊनच. मी वीज मंडळातला वायरमन. मोटर बसवून दिली, स्विच लावून दिला, बाकी सगळं तिचं. लाटणी, रव्या, कुंकवाचे करंडे, पडद्याच्या कड्या. आमच्या गल्लीत शालनचं लाटणं नाही असं घर सापडायचं नाही. मी तिला कातारीणबाई म्हणायचो, ती मला खांबावरचा कावळा म्हणायची. मग ती गेली. वर्षश्राद्धही झालं. शेडमधल्या लेथवर धूळ बसायला लागली, ते काही मला बघवेना, म्हणून मी पटाशी हातात घेतली. चार भोवरे झाले, दोन वाकडी लाटणी झाली, की आम्ही लगेच अर्ध्या हळकुंडानं पिवळे.

पाळण्याची कुरकुर थांबते. डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबतो. लाईट गेली वाटतं, मी मनात म्हणतो.

आणि मागून घर्रर्र आवाज येतो.

लेथचा आवाज मी झोपेतही ओळखतो. पण लाईट नाही आणि लेथ चालू, हे वायरमन माणसाला कसं पटावं? मी उठतो. दारामागचा मेन स्विच बघतो, तो तर खाली पाडलेला आहे. मी हात लावून पुन्हा खात्री करतो. स्विच गार आहे, भिंत गार आहे, आणि मागून आवाज चालूच आहे. मी मागच्या दाराकडे जातो.

शेडमध्ये शालन उभी आहे. पदर कमरेला खोचलेला, केसांवर रुमाल, चष्म्यावर भुसा. लेथवर काहीच लावलेलं नाही. मोकळंच फिरतंय ते, आणि ती पटाशी धरून त्याच्याकडे बघतेय.

"जेवलात?" ती मागे न बघता विचारते.

"जेवलो."

"वांगं जास्त खाल्लंत."

"तुला कोण म्हणालं?"

"श्वास ऐकू येतोय."

ती गेलेली आहे हे मला पक्कं माहीत आहे. तरी आधी मला तिचा राग येतो. इतके दिवस स्वप्नातसुद्धा फिरकली नाही, आणि आली ती थेट लेथपाशी. मग राग ओसरतो. तुझ्याशिवाय घर खायला उठतं गं, असं मला म्हणायचं असतं. पण ती वळते आणि भिंतीवरच्या फळ्यांकडे बघते.

"हे कुणी लावलं?" ती विचारते.

भिंतीला दोन फळ्या आहेत, एक वर आणि एक खाली. त्यांवर तिचे लाकडाचे ठोकळे असतात, साल काढून वाळवलेले. ती गेल्यावर मी शेडला चुना मारला, तेव्हा सगळे खाली काढले होते.

"मी लावलं," मी म्हणतो. "बघ कसं शिस्तीत. मोठे वर, लहान खाली. तुझा नुसता उकिरडा होता."

ती एकेक ठोकळा उचलते, नाकाशी नेते, परत ठेवते. तिचा हात भराभर चालतो. एवढी घाई मी तिला पोळ्या करतानासुद्धा कधी बघितली नव्हती.

"शालन, काय शोधतेस?"

"अहो, वरच्या फळीवर स्वयंपाकाचं लाकूड होतं. शिवण, आंबा, फणस. लाटणी, चमचे, रव्या, सगळं त्यातलं. आणि खालच्या फळीवर होतं ते तोंडाजवळ न्यायचं नाही असलं. त्याच्या मुठी करायच्या, कड्या करायच्या, दुसरं काही नाही."

"मग तसं सांगायचं नाहीस का कधी?"

"कुणाला सांगू? शेडमध्ये मी एकटीच तर येत होते."

हे ती टोमणा म्हणून म्हणत नाही. नुसतं सांगते, आणि ते मला जास्त लागतं.

"चोखणीला कुठला ठोकळा घेतलात?" ती विचारते.

चोखणीचं तिला कसं कळलं हे मी विचारत नाही. "लहानातला एक. पांढरट होता. पटाशीखाली लोण्यासारखा सुटला. मला वाटलं आपला हात बसायला लागला."

"वास कसला येत होता?"

"मला सर्दी झाली होती."

"भुसा नाकात गेला? डोकं दुखलं?"

"सर्दी होती म्हणतो ना. डोकं दुखणारच."

ती पटाशी खाली ठेवते. लेथ आपोआप थांबतं, आणि त्या शांततेत मला लांबून एक आवाज ऐकू येतो. पोरगी काहीतरी चोखत असल्यासारखा. चुप, चुप. 

"चला माझ्याबरोबर," शालन म्हणते.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या आईनं आम्हा भावंडांना लहानपणी बजावून ठेवलं होतं. स्वप्नात गेलेलं माणूस आलं तर बोलावं, विचारपूस करावी, पण चल म्हणालं तर त्याच्या मागं जाऊ नये. आणि घरातलं काही मागितलं तर त्याच्या हातात देऊ नये. दिलं की ज्याची वस्तू असेल तो माणूस जातो. धाकट्या आत्यानं स्वप्नात कुणाला तरी मुलाचं अंगडं दिलं होतं, असं आई सांगायची आणि पुढचं सांगायची नाही. आम्हीही विचारायचो नाही.

म्हणून मी जात नाही. मी लेथचा लोखंडी पाय घट्ट धरून उभा राहतो.

पण शेडला आता पत्रा नाही. वर आभाळ आहे, पायाखाली शाळेच्या मैदानातली माती आहे, आणि माझ्या हातातला लोखंडी पाय म्हणजे झेंड्याचा खांब आहे. शालनची शाळा. सगळ्या वर्गांची दारं बंद आहेत, तरी आतून पोरांचा पाढे म्हणण्याचा आवाज येतोय, आणि पाढा पुढे जात नाही, एकाच ठिकाणी अडकलाय. कुंपणाला लागून एक झाड आहे, लांबट पानांचं. झाडाखाली दोन शेळ्या चरतायत. त्यांनी कुंपणावरचा वेल खाल्ला, वाळका पाचोळा खाल्ला, कुणाच्या तरी दप्तराचा पट्टा खाल्ला. झाडाच्या फांद्या त्यांच्या नाकावर लोंबतायत, पण शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत.

"शेळी काय खात नाही, सांगा बघू," शालन म्हणते. बाई होती ना ती. मेल्यावरही प्रश्न विचारूनच शिकवणार.

एक फूल माझ्या खांद्यावर पडतं. पिवळं, लांब घंटेसारखं.

"बिट्टी," मी म्हणतो. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. "पिवळी कण्हेर."

"मुलं तिच्या बियांनी खेळायची. एका पोरानं बी फोडून तोंडात घातली. नशीब, मी बघितलं, बोट घालून बाहेर काढली. मग मीच हेडसरांच्या मागं लागून झाड तोडायला लावलं."

"आणि लाकूड घरी आणलंस? विषारी झाडाचं?"

"पडद्याच्या कड्या कोण चोखतंय? तोंडाला फडकं बांधून कातत होते, नंतर साबणानं हात धूत होते. त्याच्या ढलप्या मी बंबातसुद्धा घालू देत नव्हते, धूर बाधतो म्हणून. तुम्हाला वाटायचं म्हातारीचं खूळ."

"मग माझी चोखणी..."

"ते मला सांगता येत नाही. शिवणही पांढरीच. कातून, घासून, तेल पाजल्यावर पांढरी लाकडं सगळी सारखीच दिसतात. डोळ्यांनी नाही कळायचं आता." ती हात पुढे करते. "द्या ती इकडे."

मी खाली बघतो. चोखणी माझ्या मुठीत आहे. ओट्यावरच्या वाटीतून मी ती काढली नव्हती, देवाशप्पथ. तरी मुठीत आहे, आणि तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतंय.

"कशाला हवी तुला?" मी विचारतो.

"द्या म्हणते ना."

"नाही."

पोरांचा पाढा बंद होतो. वर्गाचं दार उघडतं आणि आत वर्ग नाही. लांब वॉर्ड आहे, पलंगांची रांग, फिनेलचा वास. हा वॉर्ड मी ओळखतो. शेवटच्या पलंगावर शालन बसलीय, हाताला सुई टोचलेली, सलाईन लटकतंय. तिथेच ती गेली होती. पलंगाशेजारी, जिथं मी स्टुलावर बसायचो तिथं, आता आमचा पाळणा टांगलाय. त्याच्यावर दुपटं टाकलंय. दुपट्याखाली काहीतरी हलतंय, आणि आवाज येतोय, चुप, चुप.

"उठली का गं माझी बाय?" कुठून तरी वृषालीचा आवाज येतो. "थांब हं, अप्पांनी तुला गंमत केलीय."

मी पाळण्याकडे धावतो. धावतो म्हणजे पाय उचलतो, पण फरशीला तेल लागलेलं आहे, पाय जागच्या जागी सरकतात. पाळणा तेवढ्याच अंतरावर राहतो. मी हाक मारतो, वृषाली, देऊ नको तिला, थांब. तोंडातून नुसती हवा निघते.

"इथून तिला ऐकू जायचं नाही," शालन म्हणते. "मला द्या ती."

"मी घालतो तोंडात. कडू लागली की कळेल."

"तुम्ही नको. तुमचं हृदय आधीच कुरकुरतंय, गोळ्या चालू आहेत. हे विष तिथंच जाऊन बसतं."

"मग बसू दे."

"वेड लागलंय का? वृषालीनं लागोपाठ किती जणांना पोचवायचं?"

सुई टोचलेला हात तसाच पुढे आहे. तळव्याला पटाशीचे घट्टे आहेत, ते मी ओळखतो. बोटं ओळखतो. पण मनात एकदम वेडंवाकडं येतं. ही शालनच कशावरून? आई म्हणायची, ती आपल्या माणसाचं रूप घेऊनच येतात. बरं, शालनच असली, तरी ती आता इकडची नाही. तिकडची आहे. तिकडे करमत नसेल तिला. नातीची वस्तू मागतेय. आणि मी ती वस्तू तिच्या हातात ठेवायची, मुकाट्यानं?

"तू शालनच ना?" मी विचारतो.

"नाही तर काय. तुमची ती वाकडी लाटणी बघायला दुसरं कोण येणार?"

"चेष्टा नको. खूण सांग."

"जन्मभर संसार केलात, आता खूण मागताय?"

"शालन, मला भीती वाटते," मी म्हणतो. म्हणूनच टाकतो. "तू पोरीला न्यायला आलीस असं मला वाटतंय."

तिचा हात हळूहळू खाली येतो. ती माझ्याकडे बघत नाही, पाळण्याकडे बघते. 

"मी तिला बघितलेलं नाही," ती म्हणते. "वृषालीला दिवस होते तेव्हा मी गेले. पोरगी कुणासारखी झालीय, तेही मला माहीत नाही. दुपटं बाजूला करून बघावं असं मनात येतं, पण मी हात लावत नाही. मलाही तुमच्या आईनंच सांगितलंय, की आपण लेकराला हात लावायचा नाही. म्हणून इथं लांब बसलेय."

खरंच, ती पलंगाच्या अगदी कडेला बसलीय. पाळणा तिच्या हाताला सहज लागेल एवढा जवळ, आणि तिनं दोन्ही कोपरं अंगाशी आवळून धरलीत, गर्दीच्या एसटीत परक्या माणसाशेजारी बसावं तशी.

मला माझी लाज वाटते. भीती जात नाही, ती तशीच आहे. पण लाज तिच्यापेक्षा मोठी होते.

"तुझ्यासारखी आहे," मी सांगतो. "कपाळ तुझं. हट्ट पण तुझाच."

"बरं झालं. तुमच्यावर गेली असती तर उंटावरून शेळ्या हाकत बसली असती."

दुपट्याखालचा आवाज वाढतो. चुप, चुप, चुप. पाळण्याच्या दांडीवरून वृषालीचा हात आत जाताना दिसतो. नुसता हात, बांगड्यांसकट, आणि त्या हातातही चोखणी आहे. माझ्या मुठीतही चोखणी आहे. दोन्ही एकच आहेत, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

मी माझी मूठ उघडतो. बोटं उघडता उघडत नाहीत, एकेक सोडवावं लागतं. आई, क्षमा कर, मी म्हणतो, आणि चोखणी शालनच्या तळहातावर ठेवतो. तिचा हात गार नाही. लेथवरून नुकत्याच काढलेल्या लाकडासारखा ऊन आहे.

ती चोखणी फिरवून फिरवून बघते. अशा घाईतही बघते. "मधे जाड राहिलीय," ती म्हणते. "पण घासलीत छान."

"शालन, लवकर कर."

"मला काय होणार आहे आता?" असं म्हणून ती पदरानं तेल पुसते, चोखणीचं टोक तोंडात घालते आणि कचकन चावते.

तो आवाज मला माझ्या कवटीत ऐकू येतो. तिचे डोळे मिटतात. जबडा तसाच आवळलेला राहतो. सलाईनमधलं पाणी पिवळं व्हायला लागतं, वरून खाली. शेजारच्या रिकाम्या पलंगांवर पिवळी फुलं पडायला लागतात, आवाज न करता, आणि वॉर्डभर शेळ्या ओरडतात.

"कडू आहे का?" मी विचारतो.

ती तोंड फिरवून थुंकते.

"शालन, कडू आहे का? सांग ना गं."

"उठा," ती म्हणते.

"आधी सांग."

"अहो, उठा आता. उठा म्हणते ना." ती माझ्या छातीवर हात ठेवून मला ढकलते, आणि मी मागे पडतो. पण पाठीला फरशी लागत नाही, खाट लागते. डोक्यावर आमचं छत आहे, बंद पंखा आहे. मला सगळं दिसतंय. पण हात हलत नाही, पाय हलत नाही, जीभ टाळूला चिकटलीय. पलीकडच्या खोलीत वृषाली बोलतेय ते स्पष्ट ऐकू येतंय. "थांब, थांब, पुसू दे आधी. किती ती घाई." मी सगळा जीव एका करंगळीत गोळा करतो. करंगळी हलव, मी स्वतःला सांगतो. नुसती करंगळी.

करंगळी हलते.

पंखा फिरायला लागतो. मी खाटेवरून उठतो म्हणण्यापेक्षा पडतो, गुडघा आपटतो, भिंत धरून स्वयंपाकघरात जातो. ओट्यावर वाटी आहे. वाटीत तेल आहे. चोखणी नाही.

त्या दोन खोल्यांमधलं अंतर मी कसं पार केलं ते मला सांगता येणार नाही. दारातून आत बघतो तर पोरगी वृषालीच्या मांडीवर बसलीय. तोंडात स्वतःची मूठ कोंबलीय. चुप, चुप. चोखणी वृषालीच्या हातात आहे, वर धरलेली, आणि पोरगी दुसऱ्या हातानं तिच्याकडे झेपावतेय.

"दिलीस का?" मी विचारतो. "तोंडात घातली का तिनं? सांग, घातली का?"

वृषाली घाबरते. "नाही अप्पा. काय झालं? केवढे घामाघूम झालात."

"एकदा तरी चाटली का?"

"नाही म्हणते ना. तिच्या हातात देणारच होते. पुसताना हे दिसलं." ती चोखणी माझ्यापुढे धरते. तिच्या कपाळाला आठी आहे. "हे काय हो? कुणी चावलंय? तुम्हाला गंमत सुचते. असं कुणाचं उष्टं लेकराच्या तोंडात कसं देऊ मी?"

चोखणीच्या एका टोकाला दातांचे वण आहेत. चांगले खोल. सकाळी मी घासली तेव्हा त्या टोकावरून माझं बोट कितीतरी वेळा फिरलं होतं, आणि ते काचेसारखं गुळगुळीत होतं.

"तुम्हीच ना?" वृषाली विचारते.

मी तोंड उघडून दाखवतो. जेवल्यावर कवळी काढून मी ती खिडकीतल्या भांड्यात पाण्यात ठेवलीय, वरची आणि खालची, दोन्ही. भांडं तिथेच आहे, तिच्या डोळ्यांसमोर. माझ्या तोंडात नुसत्या हिरड्या आहेत. ह्या घरात आज आम्ही तिघंच, आणि तिघांतली एक अजून पहिल्या दाताची वाट बघतेय.

"मग तुम्ही नाही," वृषाली हळू म्हणते. "आणि मी तर नाहीच."

ती चोखणी खिडकीच्या उजेडात नेते. मीही वाकून बघतो. वरच्या दातांची ओळ उमटलीय. सगळे सरळ, आणि पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला, तिरका. शालन अर्धा पेरू चावून खायची आणि अर्धा मला द्यायची, गोड निघाला तरच. आमच्या संसारात तसे किती पेरू मी खाल्ले असतील. पेरूवर दाताची ती तिरकी खूण असायची, आणि मी तिथूनच खायला सुरुवात करायचो.

 वृषालीनंही ते पेरू खाल्लेत. तिचं बोट त्या तिरक्या वणावर येऊन थांबतं.

"अप्पा," ती म्हणते, "हा आईचा दात आहे."

"खाली ठेव ते," मी सांगतो. "बिट्टीचं लाकूड आहे. विषारी आहे. माझी चूक झाली, मी फळ्यांची सरमिसळ केली. जमिनीत खोल पुरतो मी ते. तू आधी साबणानं हात धू, आणि पोरीचेही धू."

वृषाली चोखणी खाली ठेवते आणि माझ्याकडे बघत राहते. कुणी सांगितलं, असं ती विचारत नाही. मग पोरीला उचलते आणि मोरीकडे जाते, मी तिच्या मागोमाग. आम्ही तिघंही हात धुतो, कोपरापर्यंत. साबण लावताना वृषाली रडायला लागते. मी तिच्या पाठीवरून ओला हात फिरवतो, त्यानं तिचा ब्लाऊज भिजतो, आणि ती मला तसं करू देते.

पोरगी मात्र चिडलीय. तिला तीच हवी आहे, दाखवली आणि दिली नाही म्हणून ती लाल होऊन भोकाड पसरते, हिरड्या दाखवत. मी तिला कडेवर घेतो. धुतलेलं बोट तिच्या तोंडात देतो, आणि ती ते दोन्ही हातांनी धरून जोरात चावते.